रून्सचे अर्थ लावायला शिकताय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेली काही वर्षं मी रून्स शिकतेय, ओळखीतल्या काही जणांना शिकवतेही, आणि दर वेळी साधारण हेच प्रश्न येतात. म्हणून सगळी उत्तरं एका जागी लिहून ठेवलीत. क्रमाने वाचलं तर बरं, पण तुमचा प्रश्न मधलाच असेल तर थेट तिथे जा.

रून्स म्हणजे लिपी की भविष्य बघायची चिन्हं?

लिपी. हे आधी डोक्यात पक्कं बसवा, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. युरोपच्या उत्तरेकडे जर्मानिक भाषा बोलणारे लोक होते, आजच्या डेन्मार्क, नॉर्वे, स्वीडन, जर्मनी, इंग्लंड वगैरेमधले, त्यांची ही अक्षरं. जुन्यात जुन्या नमुन्यांपैकी एक म्हणजे डेन्मार्कच्या फ्युन बेटावर विमोसेच्या दलदलीत सापडलेला कंगवा, साधारण इ.स. १६० चा, आणि त्यावर एकच शब्द आहे, 'हार्या'. बहुतेक कुणाचं तरी नाव. म्हणजे आपण डब्यावर नाव घालतो ना, तसं.

या लिपीला फुथार्क म्हणतात कारण पहिली सहा अक्षरं फ, उ, थ, अ, र, क अशी येतात. हा क्रम आपण आज अंदाजाने लावलेला नाही, स्वीडनच्या गोटलँड बेटावर क्यूल्व्हरचा दगड १९०३ मध्ये मिळाला, तो साधारण इ.स. ४०० चा, त्यावर चोवीसच्या चोवीस अक्षरं ओळीने कोरलेली आहेत.

नेटवर तीन-चार वेगवेगळे तक्ते दिसतात. कुठला शिकू?

सगळे खरे असू शकतात, फक्त काळ आणि जागा वेगळी. थोरला फुथार्क २४ अक्षरांचा, साधारण दुसऱ्या शतकापासून आठव्या शतकापर्यंत. त्यानंतर स्कँडिनेव्हियात धाकटा फुथार्क आला, त्यात फक्त १६ अक्षरं, व्हायकिंग लोक वापरायचे तो हा. आणि इंग्लंडमध्ये उलटं झालं, तिथे अक्षरं वाढत वाढत २८ आणि नंतर त्याहून जास्त झाली, त्याला फुथॉर्क म्हणतात.

एक तक्ता १८ अक्षरांचाही दिसेल तुम्हाला, तो प्राचीन नाही. ऑस्ट्रियातला ग्विडो फॉन लिस्ट नावाचा माणूस १९०२ मध्ये डोळ्यांच्या ऑपरेशननंतर काही महिने अंधारात होता, त्या काळात आपल्याला या रून्सचं रहस्य दिसलं असं त्याचं म्हणणं. तो तक्ता बाजूला ठेवा.

नव्याने शिकणाऱ्याने थोरल्यापासून सुरुवात करावी असं माझं मत आहे, कारण त्यात एक आवाज एक अक्षर असं बऱ्यापैकी सरळ आहे. धाकट्यात आवाज वाढले आणि अक्षरं कमी झाली, त्यामुळे क आणि ग एकाच अक्षराने लिहितात, त आणि द एकाच, आणि उ च्या रूनवर तर उ, ओ, व सगळ्यांचाच भार. तिथे वाचता वाचताच अर्थ लावावा लागतो, ते सुरुवातीला जड जातं.

प्रत्येक रूनला अर्थ असतो ना? मग थेट अर्थच पाठ केले तर?

इथेच बहुतेक लोक चुकतात म्हणून जरा सविस्तर सांगते.

आपण लहानपणी शिकलो ना, क कमळाचा, ग गणपतीचा, घ घराचा. रूनचंही तसंच आहे. प्रत्येक रूनला एक आवाज आणि त्या आवाजाने सुरू होणारं एक नाव. फ ची रून फेहू, म्हणजे गुरंढोरं, पशुधन, आणि त्यातून मग संपत्ती. त ची रून तिवाझ, म्हणजे त्यूर नावाचा देव. इ ची इसाझ, म्हणजे बर्फ, नुसती एक उभी रेघ. हा नावाचा अर्थ खराच आहे, तो कुणी नंतर चिकटवलेला नाही. पण तुम्ही 'गवत' लिहिलं म्हणून त्यात गणपती येत नाही, तसंच कुणी आपल्या नावात फ कोरला म्हणून तो संपत्ती मागत होता असं होत नाही. शेकडा नव्व्याण्णव वेळा फ म्हणजे फक्त फ.

मग उरलेला एक? तो फार सुंदर आहे. स्वीडनच्या दक्षिणेला ब्लेकिंग भागात स्टेंटॉफ्टनचा दगड आहे, साधारण सातव्या शतकातला. त्यावर एक ओळ अशी वाचतात, 'हाथुवोलाफ्झ गाफ', म्हणजे हाथुवोल्फने दिलं, आणि पुढे फक्त एक अक्षर, य ची रून, बस. हाथुवोल्फने य दिलं? काहीच अर्थ होत नाही. पण त्या रूनचं नाव येरा, म्हणजे वर्ष, आणि नुसतं कॅलेंडरचं वर्ष नाही, पीकपाणी चांगलं झालेलं वर्ष. ते नाव त्या जागी ठेवलं की वाक्य पुरं होतं, हाथुवोल्फने सुकाळ दिला. राजा किंवा सरदार असेल, आणि त्याच्याबद्दल सांगण्यासारखी सगळ्यात मोठी गोष्ट ही की त्याच्या काळात पिकलं. मी हे पहिल्यांदा समजून घेतलं तेव्हा त्या एका अक्षराकडे बराच वेळ बघत बसले होते.

तर क्रम असा ठेवा. आधी आवाज वाचा, मग शब्द लावा, मग वाक्य. आणि वाक्य अडलं, आणि अक्षर एकटंच उभं असेल, तरच नावाचा अर्थ घालून बघा.

रून्सची नावं आणि अर्थ मुळात कुठे लिहिलेत?

'फेहू', 'येरा', 'तिवाझ' ही रूपं कुठल्याही दगडावर किंवा पोथीत सापडत नाहीत. भाषाशास्त्राच्या लोकांनी नंतरच्या नावांवरून मागे जात ती उभी केलीत. नंतरची नावं मात्र लिहिलेली आहेत, आणि त्यांचा मुख्य आधार म्हणजे तीन रून-कविता. एक जुन्या इंग्रजीतली, २९ कडव्यांची, एक नॉर्वेची, १६ कडव्यांची, आणि एक आइसलँडची. प्रत्येक कडवं एका रूनच्या नावावर.

इंग्रजी कवितेची मूळ पोथी १७३१ मध्ये लंडनच्या आगीत जळाली, आणि ती आज आपल्याकडे आहे ती फक्त जॉर्ज हिक्स नावाच्या विद्वानाने १७०५ मध्ये छापून ठेवली म्हणून. नॉर्वेच्या कवितेचंही तेच, जुनी प्रत १७२८ च्या कोपनहेगनच्या आगीत गेली, नकला वाचल्या. म्हणजे हे सगळे अर्थ आपल्यापर्यंत किती बारीक धाग्यावरून आलेत बघा.

तिन्ही कविता एकच अर्थ सांगतात का?

नाही, आणि माझ्या मते अर्थ लावणं शिकायची खरी जागा हीच. फ ची रून घ्या. इंग्रजी कविता म्हणते संपत्ती सगळ्यांना सुख देते, पण देवापुढे मान हवा असेल तर प्रत्येकाने ती मोकळ्या हाताने वाटली पाहिजे. नॉर्वेची म्हणते संपत्तीमुळे भाऊबंदांत भांडणं लागतात, लांडगा रानात वाढतो. आइसलँडचीही भाऊबंदकीच म्हणते. जमिनीच्या तुकड्यावरून सख्खे भाऊ कोर्टात गेलेले आपण सगळ्यांनी पाहिलेत, त्यामुळे ही ओळ कुणाला समजावून सांगायला लागत नाही. पण रून्सच्या ॲपमध्ये फेहू उघडा, तिथे लिहिलेलं असतं 'समृद्धी, यश, नवी सुरुवात', भांडणाचं नावच नाही. ज्या लोकांनी ही लिपी शेकडो वर्षं वापरली त्यांनी जे दोनदा सांगितलं तेच गाळलेलं.

उ ची रून तर अजून अवघड. इंग्रजीत ऊर म्हणजे ऑरॉक्स, तो प्रचंड शिंगांचा रानबैल, जो शेवटी १६२७ मध्ये पोलंडमध्ये कायमचा संपला. नॉर्वेच्या कवितेत तोच शब्द कच्च्या लोखंडातून निघणारा मळ. आइसलँडच्या कवितेत रिमझिम पाऊस. आवाज एक आणि गोष्टी तीन. इंग्लंडमध्ये आणि उत्तरेत नाव तेच राहिलं, त्याचा जुना अर्थ मात्र कुठेतरी सुटला, मग लोकांनी आपल्या भाषेत त्या आवाजाचा जो शब्द होता तो घेतला. क च्या रूनचंही असंच, इंग्रजीत मशाल आणि उत्तरेत गळू, आणि उत्तरेच्या कविता म्हणतात की ते लेकरांच्या जिवावर उठतं.

म्हणून कुणी विचारलं की 'केनाझचा', म्हणजे या क च्या रूनचा, 'अर्थ काय', तर मी आधी विचारते, कुठली कविता, कुठला देश, कुठलं शतक.

आणि प च्या रूनचा, पेर्थचा, अर्थ कुणालाच खात्रीने लावता आलेला नाही. ज्या तक्त्यात तिच्यापुढे छान गुळगुळीत अर्थ लिहिलाय तो तक्ता त्या जागी नक्की अंदाज करतोय.

संस्कृत-मराठीशी काही नातं आहे का?

लिपीचं नाही, शब्दांचं आहे. रून्सची अक्षरं भूमध्य समुद्राकडच्या लिप्यांवरून आली, उत्तर इटलीतल्या जुन्या लिप्या आणि लॅटिन हे मुख्य दावेदार. ब्राह्मीशी संबंध नाही. 'रून' शब्दाचा 'ऋण'शीही नाही, जुन्या जर्मानिक भाषांत त्याचा अर्थ गुपित, कानात सांगितलेली गोष्ट असा होतो.

पण नावं बघा. फेहू आणि आपला पशु, एकाच मुळाचे. एहवाझ म्हणजे घोडा, आणि अश्व. तिवाझ आणि देव. मन्नाझ म्हणजे माणूस, आणि मनु. सोविलो आणि सूर्य. आणि मला सगळ्यात आवडणारं, बेर्काना म्हणजे बर्च झाड, आणि संस्कृत भूर्ज, ज्याच्या सालीवर आपल्याकडे पोथ्या लिहिल्या ते भूर्जपत्र. मराठी माणसाला ही नावं लक्षात ठेवायला हा मोठा आधार आहे, वापरा बिनधास्त.

फक्त सारखं ऐकू आलं म्हणून नातं जोडू नका. रायदो म्हणजे स्वारी, प्रवास, आणि ते ऐकून हमखास कुणीतरी 'म्हणजे रथ!' म्हणतं. रथ वेगळ्या मुळाचा, त्याचा नातेवाईक लॅटिनमधलं चाक, रोटा.

ओडिन, जादू, मंत्र हे सगळं मग खोटं का?

खोटं नाही, पण प्रमाण समजून घ्या. हावामाल या जुन्या नॉर्स, म्हणजे व्हायकिंग लोकांच्या भाषेतल्या, काव्यात त्यांचा मुख्य देव ओडिन स्वतः सांगतो की मी वाऱ्यावर हलणाऱ्या झाडाला नऊ रात्री लटकलो, भाल्याने जखमी, स्वतःच स्वतःला अर्पण केलेला, आणि ओरडत रून्स उचलल्या. लिपी ही देवाने यातना सोसून मिळवलेली गोष्ट आहे असं त्या लोकांना वाटत होतं हे यातून दिसतं. स्वीडनच्या दक्षिणेला लिंडहोल्म इथे हाडाचा एक तुकडा मिळालाय, त्यावर आठ वेळा सलग अ, मग काही अक्षरं तीन-तीनदा, आणि शेवटी 'आलू' हा शब्द जो अशा बऱ्याच ताईतांवर येतो. तो काही निरोप नाही, मंत्रच असणार.

पण दुसरीकडे नॉर्वेतलं बर्गन. १९५५ मध्ये तिथल्या ब्रिगेन धक्क्यावर आग लागली, नंतर खोदकाम झालं आणि सहाशेच्या वर रून-लेख निघाले, लाकडाच्या काड्यांवर, हाडांवर, मध्ययुगातले. मालावर बांधायच्या नावाच्या पट्ट्या, प्रेमाच्या ओळी, शिव्या, प्रार्थना. एका काडीवर आहे, 'ग्युदा म्हणतेय तू घरी ये'. नवरा गुत्त्यात बसलाय आणि बायकोने निरोप धाडलाय असं लोक समजतात. माझ्यासाठी रून्सचा अर्थ या काडीत जास्त आहे.

चुकीची रून कोरली तर खरंच वाईट होतं का?

ही भीती जुनीच आहे, आणि तिची गोष्ट एगिलच्या सागात, म्हणजे आइसलँडमधल्या एका जुन्या कथेत, आहे. एगिल एका शेतकऱ्याच्या घरी येतो, तिथे मुलगी आजारी, अंथरुणाला खिळलेली. तो गादी तपासतो तर खाली देवमाशाच्या हाडाचा तुकडा, त्यावर रून्स. शेजारच्या पोराला ती आवडायची, तिचं मन वळवायला म्हणून त्याने कोरल्या, पण त्याला नीट येत नव्हत्या आणि त्याने आजारच आणला. एगिल त्या खरवडून काढतो, जाळतो, नव्या कोरून उशीखाली ठेवतो, मुलगी बरी होते. आणि तो म्हणतो, ज्याला नीट अर्थ लावता येत नाही त्याने रून्स कोरू नयेत.

त्या ओळीत जो शब्द आहे, 'रादा', तो इंग्रजीतल्या वाचण्याच्या शब्दाचाच भाऊ, आणि त्याचा अर्थ सल्ला देणं, उकल करणं. स्वीडनच्या उपलांड भागातल्या एका दगडावर बाल्ली नावाच्या कोरक्याने तेच क्रियापद वापरलंय, जो रून्सचा जाणकार असेल त्याने बाल्लीने कोरलेल्या या रून्सचा अर्थ लावावा. वाचणं आणि अर्थ लावणं त्यांच्यासाठी एकच काम होतं.

रून्स टाकून भविष्य बघायची पद्धत किती जुनी?

रोमन लेखक टॅसिटस इ.स. ९८ च्या सुमारास लिहितो की जर्मानिक लोक फळझाडाची फांदी तोडून तिचे तुकडे करतात, त्यावर खुणा करतात, पांढऱ्या कापडावर टाकतात आणि तीन उचलून कौल घेतात. सगळे हाच पुरावा देतात. पण तो 'खुणा' म्हणतो, रून्स म्हणत नाही, आणि तो लिहीत होता तेव्हा रून्स कितपत रुळल्या होत्या हाच प्रश्न आहे.

आज बाजारात मिळतो तो संच, २४ दगड आणि एक कोरा, त्यातला कोरा दगड १९८२ च्या एका अमेरिकन पुस्तकातून आला. उलटी रून म्हणजे उलटा अर्थ हे टॅरोच्या, म्हणजे भविष्य बघायच्या पत्त्यांवरून घेतलेलं. जुन्या लेखांत अक्षरं सर्रास उलट्या दिशेला वळलेली दिसतात, कारण उजवीकडून डावीकडे लिहिलं की अक्षरही वळतं, त्यात शुभ-अशुभ काही नाही. कुणाला त्या दगडांनी मन शांत होत असेल तर जरूर करा, माझी काही हरकत नाही, फक्त त्याला हजार वर्षांची परंपरा म्हणू नका.

सराव कसा करू?

वहीत लिहू नका, कोरा. सुताराकडून मऊ लाकडाची पट्टी आणा, धारदार चाकू घ्या, अंगठा सांभाळा, आणि आधी एक आडवी रेघ मारून बघा, लाकडाच्या रेषांच्या दिशेनेच. एकतर ती रेघ त्या रेषांत हरवते नाहीतर लाकूड तिथून चिरत जातं. आता उभी मारा, मग तिरकी. टक्कन बसते. रून्समध्ये आडव्या रेघा जवळजवळ का नाहीत हे मला दहा लेख वाचून कळलं नव्हतं ते त्या पट्टीने पाच मिनिटांत कळलं.

मग एक खरा लेख घ्या. डेन्मार्कमध्ये गालेहूस इथे सोन्याची दोन शिंगं मिळाली, एक १६३९ मध्ये आणि एक १७३४ मध्ये. दोन्ही १८०२ मध्ये चोरीला गेली आणि चोराने वितळवली, पण लेखाचं चित्र आधीच काढलेलं होतं म्हणून वाचला. तो असा: 'एक ह्लेवागास्तिझ होल्तियाझ होर्ना ताविदो'. एक म्हणजे मी, हा आपल्या अहम् चाच भाऊ. ह्लेवागास्तिझ हे नाव, त्यातलं गास्तिझ म्हणजे पाहुणा. होल्तियाझ म्हणजे होल्टचा, मग होल्ट बाप असेल नाहीतर गाव. होर्ना शिंग. ताविदो घडवलं. मी, होल्टचा ह्लेवागास्तिझ, मी हे शिंग घडवलं. आता मोठ्याने म्हणा, ह ह ह असा ठेका येतो, हा इ.स. ४०० च्या आसपासचा पद्याचा चरण आहे. यात कुठेही एकेका रूनचा 'अर्थ' लागला नाही बघा, आणि तरी एक माणूस समोर उभा राहिला.

माझं नाव रून्समध्ये कसं लिहू?

उच्चाराने, स्पेलिंगने नाही. मीनल सोपं, म, इ, न, अ, ल. ख, घ, भ असे महाप्राण नाहीत, च नाही, ट-त वेगळे नाहीत, तिथे जवळचा आवाज घ्यायचा. आणि मग त्या पाच रून्सच्या नावांची बेरीज करू नका, माणूस, बर्फ, गरज, देव, पाणी म्हणजे मीनलचं नशीब असं काही नसतं.

टॅटू काढायचाय, चालेल ना?

जरा थांबून. नाझींनी लिस्टच्या त्या परंपरेतून रून्स उचलल्या. एसएस या त्यांच्या सशस्त्र दलाची खूण म्हणजे विजेसारखी स ची रून दोनदा. ओथाला, म्हणजे वडिलोपार्जित जमीन, तीही त्यांनी वापरली, आणि तिवाझ, आल्गिझसुद्धा. जर्मनीत एसएसची ती जोडखूण सार्वजनिक ठिकाणी दाखवणं फौजदारी गुन्हा आहे. पुण्या-मुंबईतून नोकरी-शिक्षणासाठी तिकडे जाणारी इतकी मुलं आहेत, त्यांनी हे आधी माहीत करून घ्यावं. स्वस्तिकाचं काय झालं हे आपल्याला वेगळं सांगायला नको. याचा राग येतो मला, कारण ओथालासारखा साधा, घरचा शब्द, शेतजमिनीचा, तो असा हिसकावला गेला. पण अंगावर काय काढलंय ते समोरचा त्याच्या आठवणीने वाचतो.

ब्लूटूथची खूण रून आहे का?

हो. धाकट्या फुथार्कमधल्या ह आणि ब एकमेकांवर ठेवल्यात, हाराल्ड ब्लूटूथ या डॅनिश राजाची आद्याक्षरं. येलिंग इथला त्याचा मोठा दगड इ.स. ९६५ च्या आसपासचा, तो वाचायला छान आहे, थोरला फुथार्क झाला की तोच घ्या.

पुरेसं शिकलं की प्रत्येक लेख कळेल का?

अक्षरं आठ-दहा दिवसांत येतील. लेखांचं वाचन स्वीडनच्या उप्सालामधला रून-लेखांचा डेटाबेस फुकट देतो, हजारो लेख आहेत त्यात. थोडी जुनी नॉर्स शिकलात तर व्हायकिंग काळातले स्मारकाचे दगड, अमक्याने तमक्यासाठी हा दगड उभारला असे, वर्षभरात स्वतःचे स्वतः वाचाल.

पण र्‍योकचा दगड आहे, स्वीडनमध्येच, साधारण इ.स. ८०० चा, सुमारे ७६० रून्स, चहूबाजूंनी कोरलेला, काही भाग तर गुप्त सांकेतिक पद्धतीने. त्याचा अर्थ काय यावर अजून वाद चालू आहेत, २०२० मध्ये काही स्वीडिश अभ्यासकांनी मांडलं की त्यात सूर्य झाकोळून थंडी पडल्याच्या, इ.स. ५३६ नंतरच्या दुष्काळाची आठवण असावी. इतरांना ते पटत नाही. सुरुवातीच्या दोन ओळींवर मात्र कुणाचा वाद नाही, आणि त्या तुम्हालाही वाचता येतील: वामोथच्या स्मरणार्थ या रून्स उभ्या आहेत, आणि वारिनने त्या रंगवल्या, बापाने, गेलेल्या मुलासाठी.